जर्मनीत बाळंतपण: दोन रेघांपासून बाळाच्या पासपोर्टपर्यंत

टेस्टवर दोन रेघा दिसल्या की पहिला फोन आईला जातो. जर्मनीत राहत असाल तर दुसरा फोन गावाकडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात जायला हवा, तोही त्याच आठवड्यात. इथलं प्रत्यक्ष बाळंतपण उत्तम पार पडतं. डॉक्टर, सुईण, दवाखाना या सगळ्याची घडी बसलेली आहे. मराठी जोडपी अडकतात ती कागदपत्रांत, आणि तीही आपल्याकडच्या कागदपत्रांत. मी पुण्याची, माझं बाळंतपण श्टुटगार्टजवळ झालं. तेव्हापासून अनेक मैत्रिणींना फोनवर हेच सांगत आले आहे, ते सगळं इथे क्रमाने लिहिते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. जर्मनीत जन्मलं म्हणून बाळ आपोआप जर्मन होत नाही. आई किंवा बाबा यांपैकी एक जण पाच वर्षं कायदेशीरपणे इथे राहत असेल आणि त्याच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना असेल, तरच ते होतं. (जून २०२४ च्या आधी ही अट आठ वर्षांची होती.) बाकी सगळ्यांचं बाळ भारतीय, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

१. माहेरी की इथे, हे आधी ठरवा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मोह होतोच. पण त्याचे परिणाम नीट समजून घ्या. जर्मन सरकारी आरोग्य विमा भारतातल्या बाळंतपणाचा खर्च देत नाही. भारतात जन्मलेल्या बाळाला इथे आणायला वेगळा व्हिसा काढावा लागतो आणि त्यात महिने जातात. तुम्ही स्वतः सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर साधा वास्तव्य परवाना रद्द होऊ शकतो (ब्लू कार्डाला, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्याला, ही मुदत बारा महिने आहे). बहुतेक विमान कंपन्या छत्तिसाव्या आठवड्यानंतर घेत नाहीत आणि अठ्ठाविसाव्यानंतर डॉक्टरांचं पत्र मागू शकतात, म्हणजे जायचं तर लवकर जावं लागतं.

नवरा इथे, तुम्ही तिथे आणि बाळाचा व्हिसा अडकलेला, ही स्थिती फार वाईट. नोकरी आणि घर इथेच असेल तर मी इथेच बाळंतपण करा म्हणेन.

२. विम्याचं पत्र हातात घ्या

तुम्ही सरकारी क्रांकेनकासेत (आरोग्य विमा संस्थेत) असाल, स्वतःच्या नोकरीमुळे किंवा नवऱ्याच्या कुटुंब विम्यात, तर निर्धास्त राहा. तिथे प्रतीक्षाकाळ नसतो. तपासण्या, बाळंतपण, सिझेरियन, घरी येणारी सुईण, सगळं त्यात येतं. दवाखान्यात अॅडव्हान्स भरावा लागत नाही.

सापळे दोन. नवीन आलेल्या जोडीदारासाठी काढलेला प्रवास विमा किंवा स्वस्तातला 'इनकमिंग' विमा बाळंतपण धरेलच असं नाही, अटी वाचा. खाजगी विम्यात बाळंतपणासाठी आठ महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो. शिवाय खाजगी विमा असलेल्यांनी बाळाची नोंद जन्मापासून दोन महिन्यांच्या आत करायलाच हवी. त्या मुदतीत बाळाला आरोग्य तपासणीशिवाय घेतात, नंतर नाही.

३. जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला: आजच

हा टप्पा सगळ्यात मोठा, म्हणून सविस्तर लिहिते.

बाळाचा जन्मदाखला श्टांडेसाम्ट देतं, म्हणजे तिथल्या पालिकेचं जन्म-विवाह नोंदणी कार्यालय. त्यांना आई-बाबा दोघांचे मूळ जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला लागतो. पासपोर्ट आणि दहावीचं प्रमाणपत्र यांवर ते भागवून घेत नाहीत.

आता तुमचा जन्मदाखला कपाटातून काढा आणि नीट बघा. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या अनेक दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामी असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं आणि नंतर कोणी पालिकेत गेलंच नाही. असा दाखला इथे चालत नाही. नाव नोंदवून घ्यायला महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करावा लागतो, सोबत शाळा सोडल्याचा दाखला वगैरे पुरावे लागतात. हे काम तिथे कोणीतरी प्रत्यक्ष चकरा मारल्याशिवाय होत नाही. भाऊ, वडील, सासरे, जो कोणी मोकळा असेल त्याला आजच सांगा. नवीन प्रत घेताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतली, शिक्क्याची मागा.

मग नावं जुळतात का ते बघा. आपल्याकडे बाईचं मधलं नाव आणि आडनाव लग्नानंतर बदलतं. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, बँकेत तिसरंच. इथला कारकून कागद समोरासमोर ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघतो. 'देशपांडे' एका कागदावर एक 'ए' लावून आणि दुसऱ्यावर दोन लावून लिहिलं असेल तरी प्रश्न येतो. लग्नाचा नोंदणी दाखला (महाराष्ट्रात 'नमुना ई') हा या दोन नावांमधला पूल आहे. लग्न झालं पण नोंदणी केली नाही, असं असेल तर आधी ती करा. पत्रिका आणि फोटो इथे कामाचे नाहीत.

पुढचा सापळा अपॉस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून एका आंतरराष्ट्रीय करारानुसार लावलेल्या सरकारी शिक्क्याचा. भारतातले एजंट छातीठोकपणे सांगतात, अपॉस्टिल करून घ्या, जगात कुठेही चालेल. जर्मनीत चालत नाही. भारत या करारात सामील झाला तेव्हा जर्मनीने आक्षेप नोंदवला, त्यामुळे या दोन देशांत अपॉस्टिलला अर्थ नाही. त्याऐवजी श्टांडेसाम्टला शंका असेल किंवा त्यांचा तसा नियमच असेल, तर ते भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत कागदांची पडताळणी करून घेतात. महाराष्ट्र आणि गोव्यातले कागद मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात, तिथून नेमलेला माणूस नोंदणी कार्यालयात जाऊन मूळ नोंद बघतो. याला कित्येक महिने लागतात आणि खर्च तुम्हालाच.

प्रत्येक श्टांडेसाम्टचं म्हणणं वेगळं असतं. एका गावात नुसतं भाषांतर पुरतं, शेजारच्या गावात पडताळणी मागतात. आणि महत्त्वाचं म्हणजे घर कुठे आहे यापेक्षा बाळ कुठे जन्मलं त्या गावाचं कार्यालय लागू होतं. म्हणून हॉस्पिटल ठरवण्याआधी त्या त्या श्टांडेसाम्टला ईमेल करा: "आम्ही दोघं भारतीय नागरिक आहोत, अमुक महिन्यात बाळ अपेक्षित आहे, कोणते कागद लागतील?" उत्तर लेखी आलं की ते छापून फाइलला लावा. नंतर वाद झाला तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

पडताळणी वेळेत झाली नाही तर घाबरू नका. नेहमीच्या जन्मदाखल्याऐवजी जन्मनोंदीचा प्रमाणित उतारा मिळतो, त्यावर नाव किंवा ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा असतो. सरकारी भत्ते त्यावर साधारणपणे मिळतात. पण भारतीय वाणिज्य दूतावासाकडे जाण्याआधी तो उतारा चालेल का ते विचारून घ्या.

भाषांतर जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करा. पुण्यात स्वस्तात करून आणलेलं भाषांतर अनेक ठिकाणी परत करतात.

फाइलमध्ये एवढं हवं:

- दोघांचे मूळ जन्मदाखले, नावासकट
- लग्नाचा नोंदणी दाखला
- वरच्या सगळ्यांची जर्मन भाषांतरं
- दोघांचे पासपोर्ट आणि वास्तव्य परवाने
- राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला
- आधी घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा, भाषांतरासह

४. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि निळं पुस्तक

गर्भ राहिल्याची खात्री झाली की डॉक्टर मुटरपास देतात. हे छोटं निळं पुस्तक पर्समध्ये कायम ठेवा. रक्तगट, प्रत्येक तपासणी, बाळाची वाढ, सगळं त्यात असतं. रात्री कुठल्याही दवाखान्यात जायची वेळ आली तरी तेवढं पुस्तक पुरतं.

विम्यात तीन सोनोग्राफी येतात, साधारण दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास. साखरेची तपासणी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात. टोक्सोप्लाझ्मोसिससारख्या संसर्गाच्या काही तपासण्यांचे पैसे वेगळे मागतात. प्रत्येक वेळी "ही गरजेची आहे का?" असं शांतपणे विचारा, डॉक्टर सांगतात.

काही गोष्टी तुम्हालाच काढाव्या लागतील, कारण इथल्या डॉक्टरांच्या ध्यानात त्या लगेच येत नाहीत. विदर्भ किंवा नंदुरबार भागातले असाल तर सिकलसेलबद्दल सांगा. घरात कोणाला थॅलेसेमिया असेल किंवा सिंधी, लोहाणा, कच्छी कुटुंबातले असाल तर त्याची तपासणी मागा. शाकाहारी असाल तर बी-१२ आणि लोह बघून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि वेळेत कळलं तर बाळाच्या फायद्याचं आहे.

मुलगा की मुलगी हे इथे सांगणं कायद्याने चालतं, पण चौदाव्या आठवड्याच्या आधी नाही. तुम्हाला जाणून घ्यायचं नसेल तर सोनोग्राफीच्या आधीच सांगून ठेवा, नाहीतर डॉक्टर सहज बोलता बोलता सांगून जातात.

५. हेबामे शोधा, लगेच

हेबामे म्हणजे प्रशिक्षित, परवानाधारक सुईण. बाळंतपणानंतर ती घरी येते: पहिले दहा दिवस गरजेप्रमाणे रोजही, आणि पुढे बाराव्या आठवड्यापर्यंत अधूनमधून. पैसे विमा देतो. पण त्यांची इतकी टंचाई आहे की मोठ्या शहरांत आठव्या-दहाव्या आठवड्यातच शोध सुरू करावा लागतो. क्रांकेनकासेच्या संकेतस्थळावर यादी मिळते. एकाच वेळी पंधरा-वीस जणींना लिहा. प्रसूतीची अपेक्षित तारीख, पत्ता आणि बोलायची भाषा एवढंच लिहा.

माझी हेबामे आली की आधी हात धुवायची, मग बाळाला कापडाच्या झोळीत घालून ती झोळी हातातल्या काट्याला अडकवायची, आणि आकडा वहीत लिहून झाला की माझ्याकडे वळायची: टाके, दूध, झोप, रडू येतं का. तो शेवटचा प्रश्न ती दर वेळी विचारायची. परक्या देशात, घरात मोठं माणूस नसताना, त्या प्रश्नाची किंमत फार मोठी असते. म्हणून सांगते, बाकी एखादी गोष्ट राहिली तरी चालेल, हेबामे राहू देऊ नका.

प्रसूतीपूर्व तयारीचा वर्ग आणि नंतरचा ओटीपोटाच्या व्यायामाचा वर्ग हेही विम्यात येतात. जर्मन येत नसेल तर इंग्रजी वर्ग मोठ्या शहरांत मिळतात, जागा लवकर भरतात.

६. नोकरीत कधी सांगायचं

कायद्याने ठरावीक तारीख नाही. पण सांगितल्यावर संरक्षण भक्कम आहे. गरोदर बाईला बाळंतपणानंतर चार महिने उलटेपर्यंत साधारणपणे कामावरून काढता येत नाही. प्रसूतीच्या सहा आठवडे आधी आणि आठ आठवडे नंतर (जुळं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर बारा) पगारी रजा असते. १ जून २०२५ पासून तेराव्या आठवड्यापासून पुढे गर्भपात झाला तर त्यानंतरही अशा रजेचा हक्क मिळतो. कोणावर ती वेळ येऊ नये, पण आली तर हे माहीत असावं.

त्यानंतरची पालकत्व रजा घ्यायची असेल तर सुरू होण्याच्या सात आठवडे आधी मालकाला लेखी कळवावं लागतं. हे बाबांनाही लागू आहे, आणि बहुतेक वेळा विसरतात तेच.

७. हॉस्पिटल

साधारण तिसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात नाव नोंदवतात. त्याआधी प्रसूतिकक्ष दाखवण्याची संध्याकाळ असते, तिला नवऱ्यासह जा.

आपल्या कल्पनेपेक्षा तीन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्या डॉक्टरांकडे नऊ महिने गेलात त्या बाळंतपणाला नसतात. बाळंतपण सुईणच करते, डॉक्टर शेवटी किंवा गरज पडली तर येतात. आणि नैसर्गिक प्रसूतीकडे कल असल्याने तुम्ही विचारल्याशिवाय वेदनाशामकाचा विषय कोणी काढेलच असं नाही. पाठीतलं इंजेक्शन, म्हणजे पीडीए, हवं असेल किंवा हवं की नको ते ठरलं नसेल, तरी भूलतज्ज्ञांशी आधी बोलून संमतीपत्रावर सही करून ठेवा. कळा सुरू असताना जर्मनमधला कागद वाचणं शक्य नाही.

रात्रीचं जेवण म्हणजे थंड पाव, चीज आणि काकडी. नवऱ्याला थर्मासमध्ये गरम मऊ भात, वरण आणायला सांगून ठेवा. गाडीने घरी येणार असाल तर बाळाची कारसीट आधीच बसवून बघा.

पाणी गेलं आणि बाळाचं डोकं खाली बसलेलं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर आडवं व्हा आणि ११२ ला फोन करा. तातडीचं नसेल पण दवाखाना बंद असेल तर ११६११७.

८. आई किंवा सासूबाईंचा व्हिसा

शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपभेटीच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, आणि व्हिसाची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून पाचव्या महिन्यातच हालचाल करा. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा आवश्यक. खर्चाची हमी तुम्ही घेणार असाल तर फॉरेनर्स ऑफिसमध्ये (वास्तव्य परवाने देणाऱ्या कार्यालयात) हमीपत्र करून ते मूळ पत्र भारतात पाठवावं लागतं.

माझं मत असं: पहिले दोन-तीन आठवडे बाळाच्या बाबांनी रजा घ्यावी, आणि तुमच्या आईने तारखेच्या जरा आधी यावं आणि बाबा कामावर गेल्यावरही राहावं. सगळे एकदम असले की तिसऱ्या महिन्यात कोणीच उरत नाही.

सामानाबद्दल: युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात तूपही आलं. आईला डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशोपा एवढंच कोरडं आणू द्या. लाडू इथे करा. कुठल्याही दुकानात बुटरश्माल्झ मिळतं, ते तूपच आहे. शेगडी आणि धुरी मात्र नको. छताला धुराचा अलार्म असतो, आणि बाळाच्या फुप्फुसांनाही तो धूर चांगला नाही. बाळाला मोहरीच्या उशीऐवजी उशीविना, पाठीवर, झोपायच्या पिशवीत झोपवायला सांगतात. हे आईला आधीच समजावून ठेवा, म्हणजे हेबामेसमोर घरात ताण होत नाही.

९. नाव आधीच ठरवा

बाराव्या दिवशी बारसं करा, हौसेने करा, पण नाव त्याआधी ठरलेलं असू द्या. हॉस्पिटलमध्ये एक-दोन दिवसांतच फॉर्म समोर येतो. कायद्याने नाव कळवायला महिन्याची मुदत आहे, पण नाव नाही तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर पुढचं काहीच नाही.

फॉर्मवर पहिलं नाव आणि आडनाव अशा दोनच जागा असतात. वडिलांचं नाव मधे हवं असेल तर ते दुसरं 'पहिलं नाव' म्हणून लिहावं लागतं. १ मे २०२५ पासून नावाला मुळात राहत्या देशाचा कायदा लागतो, पण भारतीय कायदा निवडता येतो. याबद्दल कार्यालयात आधीच विचारा. जर्मन दाखल्यावर जे आणि जसं लिहिलं जाईल तेच भारतीय पासपोर्टवर येणार, तेव्हा स्पेलिंग तीनदा वाचा. इंग्रजी 'जे' इथे 'य' वाचतात, जुईला शाळेत युई म्हणतील, तेही मनात धरा.

१०. जन्मानंतरचे अर्ज

हॉस्पिटल आठवड्याच्या आत जन्म कळवतं. दाखला घेताना आंतरराष्ट्रीय, बहुभाषिक नमुन्यातल्या एक-दोन जादा प्रती मागा. भारतीय दूतावासासाठी त्या सोयीच्या. भत्त्यांसाठीच्या प्रती फुकट मिळतात.

मग अर्ज:

- किंडरगेल्ड (मुलासाठीचा मासिक भत्ता): २०२६ पासून महिना २५९ युरो. मागचे फक्त सहा महिनेच देतात.
- एल्टर्नगेल्ड (पालकत्व रजेतला भत्ता): गेल्या वर्षीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, किमान ३०० आणि कमाल १,८०० युरो. मागचे फक्त तीन महिने. पगाराच्या पावत्या आधीच जमवून ठेवा. दोघांनी रजा घेतली तर एकूण चौदा महिन्यांपर्यंत मिळतो. शिक्षणाच्या परवान्यावर असाल तर पात्रता आधी तपासा.
- बाळाचं नाव क्रांकेनकासेत.
- बालरोगतज्ज्ञ: हे खरं तर सातव्या महिन्यातच ठरवा, अनेक जण नवीन पेशंट घेत नाहीत. बाळाच्या तपासण्यांच्या पिवळ्या पुस्तकातल्या तपासण्यांपैकी तिसरी चौथ्या-पाचव्या आठवड्यात असते.

११. भारतीय पासपोर्ट, मग परवाना

परदेशात जन्मलेल्या बाळाच्या जन्माची नोंद भारतीय वाणिज्य दूतावासात एका वर्षाच्या आत व्हायला हवी, त्यानंतर भारतीय नागरिकत्वासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. ही मुदत कधीही चुकवू नका. बर्लिनचा दूतावास आणि हॅम्बुर्ग, फ्रँकफुर्ट, म्युनिकचे वाणिज्य दूतावास यांत राज्यांप्रमाणे वाटणी आहे. नोंदणी आणि पासपोर्ट यांचे अर्ज सोबतच करा. आई-बाबा दोघांच्या सह्या लागतात, आणि बाळाच्या अंगठ्याचा ठसा. तो घरी, बाळ गाढ झोपलेलं असताना घ्या, मूठ तेव्हाच उघडते. फोटोत डोळे उघडे आणि पार्श्वभूमी कोरी हवी. बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून काढला की काम होतं.

पासपोर्ट आला की बाळाच्या वास्तव्य परवान्याचा अर्ज फॉरेनर्स ऑफिसमध्ये, जन्मापासून सहा महिन्यांच्या आत. पासपोर्टला उशीर होत असेल तर अर्ज तरी दाखल करून पोच घ्या.

बाळ जन्मतः जर्मन असेल तर वाट वेगळी. जर्मन पासपोर्ट काढा (लहान मुलांचा वेगळा पासपोर्ट जानेवारी २०२४ पासून बंद झाला), आणि भारतात जाण्यासाठी ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) किंवा व्हिसा.

आजी-आजोबा तिकीट काढा म्हणून मागे लागतील. बाळाचं परवान्याचं कार्ड हातात आल्याशिवाय काढू नका, नाहीतर परतताना विमानतळावर अडवतील. आणि निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना भारतात जात असल्याचं सांगा: जर्मनीत बीसीजीची लस देत नाहीत, आणि हेपटायटिस बीची लस जन्मतःच न देता दुसऱ्या महिन्यापासूनच्या एकत्रित लशीत असते. बीसीजी कधी आणि कुठे द्यायची, हे त्यांच्याशी बोलून लसीच्या पुस्तकात लिहून घ्या आणि ते पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा.